मोगल बादशहा

मोगल बादशहा : मध्य आशियातून आलेल्या आणि १५२६ ते १८५७ या काळात भारतीय उपखंडावर राज्य केलेल्या तैमूरवंशीय घराण्याचे राज्यकर्ते. २१ एप्रिल १५२६ रोजी पानिपतावर बाबराने इब्राहिम लोदीचा पराभव केला आणि हे राज्य उभे राहिले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी बहादूरशाह जफर याला रंगूनला धाडले आणि ते संपले. मध्ये १५४० ते १५५५ अशी पंधरा वर्षे दिल्ली शेरशाह सूर व त्याच्या वारसांच्या हाती होती. औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचा, म्हणजे १७०७ पर्यंतचा काळ प्रत्यक्ष सत्तेचा. पुढची दीडशे वर्षे बहुतांशी नावाची. पण हे नाव पोकळ नव्हते. टाकसाळीत आणि सनदांवर त्याला किंमत होती, आणि ती मराठ्यांनी, निजामाने व ईस्ट इंडिया कंपनीनेही मोजली. बादशहांच्या लढायांची यादी कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. येथे भर आहे तो या नावावर.

हे लोक स्वतःला ‘मोगल’ म्हणवत नसत. त्यांच्या लेखी त्यांचे घराणे ‘गूरकानी’. गूरकान म्हणजे जावई. चंगेजखानाच्या वंशातली मुलगी केल्यामुळे तैमूरने ही पदवी लावली होती. बाबर बापाकडून तैमूरचा आणि आईकडून चंगेजखानाचा वंशज. तरी आपल्या तुर्की आठवणींत त्याने मोगलांविषयी, म्हणजे मंगोलांविषयी, बरे उद्गार क्वचितच काढले आहेत. इतरांनी दिलेले नाव मात्र घराण्याला चिकटले. मराठी कागदपत्रांत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे : पेशवाईतल्या पत्रांत ‘मोगल’ म्हणजे पुष्कळदा दिल्लीचा बादशहा नसून हैदराबादचा निजाम असतो. हे ध्यानात न घेतल्याने जुनी पत्रे वाचताना फसगत होते.

सिक्का आणि खुतबा

बादशहा झाला हे दोन गोष्टींनी ठरे : शुक्रवारच्या नमाजाच्या वेळच्या खुतब्यात, म्हणजे प्रवचनात, त्याचे नाव घेतले जाई आणि त्याच्या नावाचा सिक्का पाडला जाई. खुतबा मशिदीतल्या लोकांच्या कानी पडे. सिक्का गावोगावच्या बाजारांत फिरे. मोगल रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळपास तोळाभर चांदीचा. शेरशाहने बसवलेले हे नाणे अकबराने चालू ठेवले. एका बाजूला बादशहाचे नाव, दुसरीकडे टाकसाळीचे गाव आणि ‘जुलूस’ म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष. पहिले वर्ष असेल तर आकड्याऐवजी ‘अहद’ असा शब्द.

कोणत्या बादशहाला काय महत्त्वाचे वाटले, ते त्याच्या नाण्यांवरून कळते. अकबराने आपले इलाही संवत सुरू करून नाण्यांवर घातले. जहांगीरने महिन्याच्या नावाऐवजी राशीचे चित्र कोरलेली नाणी काढली. मेष, वृषभ, सिंह असलेली ही नाणी आजही संग्राहकांना वेड लावतात. त्याच्या अखेरच्या वर्षांत नूरजहाँचेही नाव नाण्यावर आले. बादशहाच्या बेगमेचे नाव चलनावर यावे, हे या घराण्यात दुसऱ्यांदा घडले नाही. औरंगजेबाने नाण्यांवरचा कलमा काढून टाकला : नाणे कोणाच्याही हाती आणि पायाखाली जाते, तेथे पवित्र वचन नको, हे त्याचे कारण. त्या जागी ‘शाह औरंगजेब आलमगीर याने जगात पूर्ण चंद्रासारखा सिक्का पाडला’ अशा अर्थाच्या फारसी ओळी आल्या. सोन्याच्या मोहरेवर चंद्राऐवजी सूर्य असे.

दरबारही असाच मोजून मापून रचलेला होता. बादशहा बसे, बाकी सारे उभे. कोणी कोठे उभे राहायचे ते मनसबीवर, म्हणजे बादशाही चाकरीतल्या हुद्द्यावर, ठरे आणि मनसब आकड्यात असे. ‘जात’ या आकड्यावरून दर्जा व पगार ठरे, ‘स्वार’ या आकड्यावरून किती घोडदळ बाळगायचे ते. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पाचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले. पुरंदरच्या तहानंतर त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला, संभाजीराजांना, हीच मनसब मिळालेली होती. महाराजांचा त्या दिवशीचा संताप हा केवळ मानी स्वभावाचा भाग नव्हे. त्या दालनातली भाषा त्यांना नेमकी कळली होती आणि तिने सांगितलेली किंमत त्यांनी नाकारली. आठ वर्षांनी राज्याभिषेक झाला, तेव्हा सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर देवनागरीत अक्षरे उमटली : ‘श्री राजा शिव’, ‘छत्रपति’. मोगल पद्धतीत सिक्क्याचा अर्थ काय, हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्याचेच हे उत्तर.

तख्त की तख्ता

या घराण्यात थोरल्या मुलाला गादी असा नियम नव्हता. तैमूरी रिवाजाप्रमाणे सगळ्या मुलांचा हक्क सारखा. ज्याची तलवार चालेल त्याचे राज्य. ‘तख्त या तख्ता’, सिंहासन नाहीतर तिरडी, ही म्हण यातूनच आली. हुमायूनने भावांना प्रांत वाटून दिले आणि त्याची फळे भोगली. अखेर कामरानचे डोळे काढावे लागले. अकबर तेरा वर्षांचा असताना १५५६ मध्ये कलानौर येथे बादशहा झाला. त्याचा धाकटा सावत्र भाऊ हकीम काबूलला होता, म्हणून गादीचा तंटा तेवढा पेटला नाही. जहांगीरने आपल्या बंडखोर मुलाला, खुसरूला, आंधळे करवले.

१६२७ चा प्रसंग महाराष्ट्रात घडला, पण मराठी वाचकांना तो फारसा ठाऊक नसतो. बापाविरुद्धचे बंड फसल्यानंतर शहाजादा खुर्रम दख्खनेत होता. ऑक्टोबरमध्ये काश्मीरहून परतताना वाटेत जहांगीर वारला. खुर्रमचा सासरा आसफखान याने लाहोरकडे एका राजपुत्राला तात्पुरते गादीवर बसवून वेळ काढला आणि आपली मुद्रा देऊन जासूद दक्षिणेत पिटाळला. त्याने खुर्रमला गाठले ते जुन्नरला. तेथून गुजरातमार्गे आग्र्याला जाऊन खुर्रम शाहजहान झाला. तो पोचण्याआधीच त्याच्या हुकमाने लाहोरला सावत्र भाऊ शहरयार आणि घराण्यातले इतर राजपुत्र मारले गेले होते. ताजमहाल, मयूरासन, शाहजहानाबाद या सगळ्या वैभवाची सुरुवात अशी जुन्नरच्या मुक्कामी झाली.

१६५८ मध्ये शाहजहानच्या चार मुलांनी तेच केले. धर्मत आणि सामूगढच्या लढाया जिंकून औरंगजेबाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले, दारा व मुराद यांना मारवले. शुजा आराकानात नाहीसा झाला. शाहजहान पुढे साडेसात वर्षे कैदेत जगला. या रक्तपातातून कर्तबगार तेवढा वर येई, असे समर्थन काही इतिहासकार करतात. मला ते पटत नाही. प्रत्येक पिढीत अर्धा सरदारवर्ग हरलेल्या बाजूला असे आणि त्याला पुन्हा विकत घ्यावे लागे. शिवाय ज्याने भाऊ मारले त्याला मुलांवर विश्वास ठेवता येत नाही. औरंगजेबाने थोरल्या मुअज्जमला कित्येक वर्षे कैदेत ठेवले, आणि त्याचा बंडखोर मुलगा अकबर आश्रयाला आला तो कोकणात, संभाजीराजांकडे.

दख्खनेतील पंचवीस वर्षे

औरंगजेब १६८१ च्या अखेरीस बुऱ्हाणपूरला आणि १६८२ मध्ये औरंगाबादला आला, तो पुन्हा उत्तरेत गेला नाही. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये पडले. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची क्रूर हत्या झाली. रायगड त्याच वर्षी पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू बादशाही छावणीत कैद झाले. कागदावर हे राज्य या वेळी सर्वांत मोठे होते.

१६९५ पासून चार वर्षे साम्राज्याची राजधानी प्रत्यक्षात भीमेच्या काठी होती. सोलापूर जिल्ह्यातील माचणूरजवळच्या ब्रह्मपुरीला छावणी होती आणि गावाचे नाव इस्लामपुरी ठेवले होते. काबूलपासून बंगालपर्यंतचे कागद येथे येत आणि येथूनच उत्तरे जात. आज माचणूरला सिद्धेश्वराचे देऊळ आणि शेजारी औरंगजेबाने बांधलेला किल्ला नदीवर उभा आहे. उन्हाळ्यात पात्र उतरले की मोकळा वाळवंट दिसतो आणि एवढे मोठे फिरते शहर येथे वसले होते यावर विश्वास बसत नाही.

१६९९ नंतर ऐंशी ओलांडलेला बादशहा स्वतः गड घेत फिरू लागला. सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. वेढे महिनोन्‌महिने चालत आणि बरेचसे गड अखेर किल्लेदाराला पैसे मोजून ताब्यात येत. साताऱ्याचे ‘आझमतारा’ झाले, तोरण्याचे ‘फुतुहुल्गैब’. छावणी पुढे सरकली की ताराबाईंच्या फौजा मागून गड परत घेत. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ औरंगजेब वारला. खुलदाबादला सूफी संत झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात त्याची कबर आहे : मूळची उघडी, मातीची, वर सबजा लावलेली. संगमरवरी कठडा नंतरचा.

नाव उरते

१७१९ या एका वर्षात दिल्लीच्या तख्तावर चार जण दिसले. दरबारातल्या बलाढ्य सय्यद बंधूंनी बादशहा फर्रुखसियरला जनानखान्यातून ओढून काढून कैद केले आणि पुढे ठार केले. त्याच्यामागून आलेला रफी-उद्-दरजात तीन-साडेतीन महिन्यांतच गेला. त्याच्या नाण्यावर फक्त ‘अहद’ आढळते. दुसरे वर्ष त्याला मिळालेच नाही. नंतर रफी-उद्-दौला, आणि सप्टेंबरमध्ये मुहम्मदशाह. या घडामोडींच्या वेळी सय्यद हुसेन अलीबरोबर बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीत होते. परतताना त्यांनी येसूबाईंना सोडवून आणले आणि स्वराज्य, दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदाही आणल्या. तलवारीने वसूल होणाऱ्या पैशाला बादशाही कागद मिळाला.

१७३९ मध्ये नादिरशाहने दिल्ली लुटून मयूरासन नेले. त्यानंतर बादशहाजवळ खजिना उरला नाही, फौजही नाही. तरीही १७६० मध्ये दिल्ली घेतल्यावर सदाशिवरावभाऊंनी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून रुपये पाडले आणि दूर बिहारकडे भटकणाऱ्या शहाजादा शाहआलमला बादशहा जाहीर केले. बादशहाच्या घराची चांदी काढायची, पण बादशहाशिवाय राज्य चालवायचे नाही. अठराव्या शतकातील मराठी राजकारण या एका कृतीत दिसते.

१७६५ मध्ये कंपनीने याच शाहआलमकडून वर्षाला २६ लाख रुपयांच्या बोलीवर बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळवली. जानेवारी १७७२ मध्ये मराठ्यांच्या पहाऱ्यात तो दिल्लीला परतला. १७८४ मध्ये महादजी शिंदे यांना पेशव्यांच्या वतीने वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचे सर्वाधिकारी प्रतिनिधी, केले गेले. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरने लाल किल्ल्यात घुसून म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. महादजींच्या फौजेने दिल्ली सोडवून त्याला पुन्हा तख्तावर बसवले आणि गुलाम कादिरला ठार केले. १७९२ मध्ये महादजींनी पुण्यात फर्मानबाडी उभारली. रिकाम्या तख्तावर बादशहाचे फर्मान ठेवले आणि तरुण सवाई माधवराव पेशव्यांनी त्याला मुजरा करून नजराणा वाहिला व खिलत, म्हणजे मानाची वस्त्रे, घेतली. गोवधबंदीचे फर्मानही वाचले गेले. नाना फडणिसांना हा समारंभ मान्य नव्हता. छत्रपतींची गादी साताऱ्यास असताना दिल्लीची वस्त्रे कशाला, हा त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो.

या काळात पुण्याच्या बाजारात चालणारा अंकुशी रुपया शाहआलमच्या नावाचा. चांदवडच्या टाकसाळीतला चांदोरी रुपयाही त्याच नावाचा. हाती घेतला की अंकुशाची खूण ओळखू येते. फारसी अक्षरे मात्र नाण्याच्या काठाबाहेर गेलेली आणि कित्येकदा चुकलेली असतात, कारण ठसा खोदणाऱ्याला ती वाचता येत नसावीत. घेणाऱ्यालाही वाचायची गरज नव्हती. ती ठरलेल्या जागी असणे पुरेसे होते. कंपनीनेही हेच केले. तिचा मुर्शिदाबादी रुपया शाहआलमच्या नावाने निघे आणि त्यावरचे वर्ष १९ वर थांबवलेले होते. सराफांनी जुना रुपया म्हणून बट्टा कापू नये यासाठी ही युक्ती. सप्टेंबर १८०३ मध्ये कंपनीच्या जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेकडून दिल्ली घेतली. १८०६ मध्ये शाहआलम वारला, तरी त्याचे नाव टाकसाळीतून निघत राहिले. १८३५ मध्ये कंपनीने इंग्लंडच्या राजाची मुद्रा असलेला रुपया काढला, तेव्हा ते थांबले.

पुढचे दोघे, अकबरशाह दुसरा आणि बहादूरशाह जफर, लाल किल्ल्याच्या भिंतींच्या आतले बादशहा. मे १८५७ मध्ये मेरठहून आलेले शिपाई एक्याऐंशी वर्षांच्या जफरच्या दारात उभे राहिले, ते या नावासाठीच. सप्टेंबरमध्ये दिल्ली पडली. हुमायूनच्या मकबऱ्यात त्याला पकडले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या दोन मुलांना व एका नातवाला गोळ्या घातल्या. ७ नोव्हेंबर १८६२ रोजी तो रंगूनला वारला.

हैदराबादच्या नाण्यांवर बादशहाचे नाव १८५७ पर्यंत होते. नंतर तेथे पहिल्या निजामाची ‘आसफजाह’ ही पदवी आली. मराठी बोलीने मात्र ही दुरुस्ती केली नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत ‘मोगलाई’च राहिला आणि कोठे बेबंदशाही दिसली की आजही विचारतात, “मोगलाई लागून गेली का?”