आहारातील नायट्रेट

बीट, पालक, माठ, मुळा आणि मुळ्याचा पाला यांत मुबलक सापडणारे नायट्रोजनचे संयुग. शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि पेशींतील तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) किती ऑक्सिजन वापरतात यावरही परिणाम करतो.

रक्तवाहिनीचा सर्वांत आतला थर, म्हणजे अंतःस्तर, आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा वायू स्वतः बनवत असतो. वायू शेजारच्या स्नायुपेशीत शिरला की स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंदावते. हे उलगडल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. वाढते वय, मधुमेह आणि धूम्रपान यांमुळे अंतःस्तराची ही क्षमता घटते. शिवाय त्या रासायनिक क्रियेला ऑक्सिजन लागतो. भाजीतले नायट्रेट दुसरी वाट उघडते. ऑक्सिजन कमी असतानाही चालणारी ही वाट तोंडातून जाते.

खाल्लेले नायट्रेट आतड्यातून रक्तात उतरते आणि त्याचा साधारण चौथा हिस्सा लाळग्रंथी पुन्हा लाळेत सोडतात. जिभेच्या मागच्या भागातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. माणसाच्या स्वतःच्या पेशींना हे काम फारसे जमत नाही. गिळलेल्या नायट्राइटपासून जठरात आणि पुढे रक्तात नायट्रिक ऑक्साइड बनते. लंडनमध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी लोकांना ५०० मिलि बीटरस दिला, तेव्हा सुमारे तीन तासांत वरचा रक्तदाब १० अंकांच्या आसपास उतरला. लाळ न गिळता थुंकायला लावली, तेव्हा तो उतरलाच नाही. म्हणूनच जंतुनाशक माउथवॉशने रोज चुळा भरणाऱ्याला बीटाचा फारसा लाभ होत नाही. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना चार आठवडे रोज २५० मिलि रस दिल्यावर दाब टिकाऊपणे कमी राहिला, पण रस थांबताच तो पूर्ववत झाला.

तंतुकणिकांबाबत मात्र जपून बोलावे. नायट्रिक ऑक्साइड श्वसनसाखळीतील, म्हणजे तंतुकणिकेत ऑक्सिजन वापरून ऊर्जा काढणाऱ्या क्रियामालिकेतील, शेवटच्या विकरावर (एन्झाइमवर) ऑक्सिजनच्याच जागी बसते, हे पक्के आहे. स्टॉकहोममधील संशोधकांना २००७ मध्ये आढळले की नायट्रेट घेतल्यावर तेवढ्याच व्यायामाला कमी ऑक्सिजन लागतो. २०११ मध्ये त्यांनी स्नायूंतील तंतुकणिका तपासल्या. प्रोटॉनची गळती, म्हणजे ऊर्जेचा अपव्यय, घटून तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये अधिक एटीपी (पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू) बनत असल्याचे त्यांना दिसले. नंतरच्या काही अभ्यासांत हा बदल सापडला नाही. ऑक्सिजनची बचत स्नायूच्या आकुंचनातच होत असावी, असेही मत आहे. कसलेल्या खेळाडूंत एकूण फायदा कमीच दिसतो.

परिणाम दिसण्यासाठी एका वेळी साधारण ३०० ते ५०० मिग्रॅ नायट्रेट लागते आणि ते व्यायामाच्या दोन-तीन तास आधी घ्यावे लागते. १०० ग्रॅम बीटात बहुधा १०० ते २५० मिग्रॅ असते, पण खत आणि ऊन यांनुसार हा आकडा खूप बदलतो. बीट वा पालेभाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून दिले, तर नायट्रेटचा मोठा भाग मोरीत जातो. त्यामुळे भाजी वाफवावी, नाहीतर ते पाणी आमटीत किंवा कणकेत घालावे. शिजलेली पालेभाजी उन्हाळ्यात तासन्‌तास ओट्यावर राहिली, की जिवाणू तिच्यातच नायट्राइट बनवतात. उरलेली भाजी लगेच फ्रिजमध्ये ठेवावी.

जागतिक आरोग्य संघटनेची दैनिक मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ३.७ मिग्रॅ आहे, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीस सुमारे २२० मिग्रॅ. वर दिलेली मात्रा ती ओलांडते, म्हणून रसाचा रोजचा प्रयोग मनाने करू नये. सहा महिन्यांच्या आतील बाळाला बीट-पालक देऊ नये. नायट्राइटमुळे त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटून बाळ निळे पडू शकते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिग्रॅपेक्षा जास्त नसावे, या भारतीय मानकामागेही हीच भीती आहे. रक्तदाबाच्या वा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. बीट, पालक आणि माठ यांत मूतखड्याला हातभार लावणारे ऑक्झलेटही भरपूर असल्यामुळे मूतखडा होऊन गेलेल्यांनी मुळ्याकडे वळावे. बीट खाल्ल्यावर लघवी तांबडी होते ती रंगद्रव्यामुळे. ते रक्त नव्हे.