तंतू मोजणारा संशोधक आणि त्याच्या संदर्भांची मोजणी

मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यांत जत, कवठेमहांकाळ, तासगावकडून माणसं येतात ती बहुतेक मोतीबिंदूसाठी, नाहीतर चष्म्याच्या नंबरसाठी. काचबिंदू, म्हणजे डोळ्याचा मज्जातंतू हळूहळू निकामी करणारा आजार, झालाय म्हणून कुणी सहसा येत नाही. तो तपासणीत सापडतो, आणि पुष्कळदा उशिराच सापडतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही. समोरचं नीट दिसतं. नजर कडेकडेने जात राहते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो.

या उशिराचं कारण ज्यांनी मुळापासून शोधलं, त्यांत हॅरी क्विग्ली यांचं नाव फार वरचं. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची विल्मर नेत्रसंस्था आहे, तिथे त्यांची कारकीर्द गेली.

डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिमज्जातंतूत दहा ते बारा लाख बारीक तंतू असतात. क्विग्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मरणोत्तर मिळालेल्या डोळ्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून हे तंतू मोजले. मग त्याच माणसांची हयातीत झालेली ‘फील्ड’ची तपासणी, म्हणजे नजरेचा आवाका मोजणारी चाचणी, त्या आकड्यांशी ताडून पाहिली. १९८२ साली छापलेला निष्कर्ष असा: त्या काळच्या चाचणीत दोष उमटण्याआधीच ४० टक्क्यांच्या आसपास तंतू नाहीसे झालेले असू शकतात. आणि गेलेला तंतू परत येत नाही.

त्याच सुमारास त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. डोळ्यातून बाहेर पडताना हे तंतू चाळणीसारख्या एका पडद्यातून जातात. या चाळणीची भोकं वरच्या आणि खालच्या बाजूला मोठी असतात आणि त्यांच्यामधला आधार विरळ असतो. डोळ्यातल्या दाबाने ताण आला की तिथलेच तंतू आधी मार खातात. काचबिंदूत नजर कमानीच्या आकारात का जाते, हे त्यावरून उलगडलं. त्यांच्या सगळ्या कामात मला हे सर्वांत देखणं वाटतं.

संशोधकाचं वजन मात्र हल्ली संदर्भांवर ठरतं: इतरांनी आपल्या लेखांत त्याचा उल्लेख किती वेळा केला? यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये अशा संदर्भांची सूची काढायला सुरुवात केली. २००५ मध्ये होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला. एखाद्याचे ५० लेख प्रत्येकी किमान ५० वेळा उल्लेखले गेले असतील, पण ५१ लेख ५१ वेळा नाहीत, तर त्याचा निर्देशांक ५०.

या मापाने पाहिलं तर क्विग्ली यांच्या लेखांत २००६ चा एक लेख अगदी पुढे आहे, हजारो संदर्भांचा. त्यात तंतू नाहीत, चाळणी नाही. सहलेखिका एमी ब्रोमन यांच्यासह केलेला तो जगातल्या रुग्णसंख्येचा अंदाज आहे: २०१० मध्ये सुमारे ६ कोटी ५ लाख, २०२० मध्ये ७ कोटी ९६ लाख. काचबिंदूवर लिहिणारा कुणीही सुरुवातीला ‘जगात इतके रुग्ण आहेत’ असं लिहितो आणि तिथे हा लेख येतो. तो अंदाज मोलाचाच होता. जवळपास निम्मे रुग्ण आशियातले असतील हे त्याने ठणकावून सांगितलं. आपल्याकडचं चित्र तर त्याहून बोलकं आहे. तमिळनाडूतल्या अरविंद नेत्र सर्वेक्षणात, २००३ च्या अहवालानुसार, नेहमीच्या प्रकारचा काचबिंदू असलेल्यांपैकी ९३ टक्के लोकांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नव्हतं. सांगलीतल्या कुणाच्या आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीनंतर नुसता नंबर तपासून भागत नाही. डोळ्यातला दाब आणि मज्जातंतू दोन्ही बघायला सांगावं लागतं, कारण दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो.

२०१४ मध्ये सिंगापूरच्या गटाने नवा अंदाज मांडला: २०४० मध्ये ११ कोटी १८ लाख. साहजिकच नवे लेखक त्याचा आधार घेऊ लागले. अंदाजांचं असंच होतं. तंतूंच्या मोजणीचं वेगळं झालं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी नोंदवलंय की एखादा शोध सर्वांच्या ज्ञानात इतका मुरतो की त्याचा उल्लेख करायची कुणाला गरजच वाटत नाही. म्हणूनच निव्वळ संदर्भांच्या बेरजेवर माझा भरवसा बसत नाही.

आज मिरजेत फील्डचा कागद स्वच्छ आला तरी मज्जातंतूची कडा संशयास्पद दिसली, की डॉक्टर ओसीटी करायला सांगतात. प्रकाशाच्या साहाय्याने तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजणारी ही तपासणी. अहवालात वरचा किंवा खालचा भाग लाल रंगात आला, की फील्ड बिघडायची वाट न पाहता थेंब सुरू होऊ शकतात. त्या अहवालावर १९८२ च्या लेखाचं नाव कुठेही छापलेलं नसतं.