ड्रायसूटचं पंक्चर

भाचा उत्तर समुद्रात पाणबुड्याचं काम करतो. सुट्टीला सांगलीत आला तो गळका ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा पाणबुड्याचा पोशाख, घेऊनच. घरच्यांचा सल्ला तयार होता: "मिरज रोडच्या पंक्चरवाल्याकडे ने की!"

सल्ला अगदीच हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा कोंडून धरणारं ब्युटाइल रबर या सूटमध्येही असतं, पण नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या दोन कापडांमध्ये दाबलेलं. पंक्चरचं सोल्युशन कानशीने खरवडलेल्या उघड्या रबरालाच पकडतं, कापडावर त्याचं काही चालत नाही. सूट निव्वळ रबराचा असता, तर पंक्चरवाल्याने काम केलं असतं.

मुळात ड्रायसूट स्वतः फारशी ऊब देत नाही. ऊब देते ती आतल्या जाड कपड्यांत अडकलेली हवा. पाणी हवेच्या सुमारे २४ पट उष्णता वाहून नेतं, म्हणून कपडे भिजले की माणूस गारठलाच. थंडी नसली तरी सूट लागतो. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा गटार आणि कृष्णा एकच झाली होती. तसल्या पाण्यात उतरायचं तर अंग कोरडं राहिलेलंच बरं.

आधी बघायचं, गळती आहे की घाम! सगळेच कपडे सारखे दमट झाले असतील तर बहुतेक घाम. एकच गुडघा चिंब असेल तर छिद्र. मनगटात बाटल्या आणि गळ्यात चेंडू घट्ट बसवायचा, हवा बाहेर सोडणारी झडप बंद करून सूट हवेने भरायचा. टम्म नाही, शिवणी उसवतात. मग भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने फिरवायचं. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे सुईएवढ्या छिद्रातूनही बारीक बुडबुड्यांचा पांढरा फेस उठतो. तिथे खडूने गोल करायचा.

सूट उलटा करून पूर्ण वाळवायचा, जागा स्पिरिटने पुसायची आणि आतून युरेथेनचा गोंद पातळ पसरायचा. हा गोंद हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. म्हणजे आषाढातली आपली दमट हवा इथे कामी येते. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात जरा जास्त थांबावं लागतं. गोंदाची उघडलेली ट्यूब फ्रीझरमध्ये ठेवली तर पुढच्या वेळेपर्यंत टिकते, नाहीतर आतल्या आत दगड होते.

गळ्याच्या आणि मनगटाच्या लॅटेक्स पट्ट्या मात्र फार नाजूक. खोबरेल तेलाने त्या फुगतात, चिकट होतात. तेव्हा चापून तेल लावलेलं डोकं त्यांतून घालू नये. उन्हात वाळत घालणंही नको, पंपाच्या मोटारीशेजारी ठेवणं तर त्याहून नको. मोटारीच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि तो लॅटेक्सच्या रेणूंतले दुहेरी बंध तोडतो. ताणलेल्या पट्टीवर आधी बारीक चिरा दिसतात, मग एके दिवशी सूट चढवतानाच ती टरकन फाटते. धुऊन, सावलीत वाळवून, बिनवासाची टाल्कम पावडर लावली की झालं. पितळी चेनला बाहेरून मेण चोळायचं. चेन कधी मुडपायची नाही. दात वाकले की नवी चेन, आणि तो खर्च जोराचा असतो.

हवा आत घेणाऱ्या झडपेला घरी हात लावू नये. ती उघडी अडकली तर सूट फुगून माणूस वेगाने वर फेकला जातो, फुफ्फुसांना इजा होऊ शकते. भाच्याने छिद्र घरीच बुजवलं. झडप तिकडे परत गेल्यावर सर्व्हिसिंगला जाईल.