श्रीलंकेतून फौज माघारी कशी आली?

परदेशात धाडलेलं सैन्य लोकशाही देश परत का बोलावतात, हा विषय कोल्हापुरात निघाला की गाडी श्रीलंकेवरच येऊन थांबते. शिरोळ, गडहिंग्लज, चंदगडकडच्या गावांत फौजेतून पेन्शनीवर आलेली माणसं पारावर भेटतात, त्यामुळे ते साहजिकच आहे.

व्हिएतनाममधून अमेरिका कशी परतली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ब्रिटनने तर पौंडाचं अवमूल्यन केल्यावर दोनच महिन्यांत, जानेवारी १९६८ मध्ये, सुएझ कालव्याच्या पूर्वेचे, म्हणजे आशियातले, लष्करी तळ सोडायचं जाहीर केलं. तिथे खरी अडचण तिजोरीची होती.

आपली गोष्ट जरा गुंतागुंतीची. २९ जुलै १९८७ ला भारत आणि श्रीलंकेत करार झाला. आपल्याकडे परदेशात फौज पाठवायला संसदेत मतदान घ्यावं लागत नाही, त्यामुळे जवान लगेच रवाना झाले. ऑक्टोबरात ज्या तमिळ बंडखोरांची शस्त्रं खाली ठेवून घ्यायची होती, त्यांच्याशीच उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात लढाई जुंपली. तिथे आपले सुमारे १,२०० जवान मारले गेले.

डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीत सत्ताबदल झाला आणि नव्या सरकारने सैन्य परत आणलं, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा मात्र वेगळं बोलतात. जानेवारी १९८९ मध्ये कोलंबोत नवे राष्ट्राध्यक्ष आले. जूनच्या पहिल्या तारखेला त्यांनी जाहीरच केलं, की जुलैअखेर भारतीय फौज निघाली पाहिजे. करारात कबूल केलेले अधिकार तमिळ भागाला देण्याचं काय, असं विचारत दिल्लीने ताणून धरलं. तरी २९ जुलैला एक छोटी तुकडी निघाली आणि सप्टेंबरात पूर्ण माघारीचं वेळापत्रकही ठरलं. म्हणजे निर्णय जुन्याच सरकारच्या गळी उतरला होता. नव्या सरकारने तो विनाकुरकुर पार पाडला, एवढंच. ज्याने बोलावलं त्यानेच दार दाखवल्यावर थांबायचं कुणाच्या जोरावर? त्याच कोलंबोने बंडखोरांना शस्त्रं पुरवल्याचंही पुढे उघड झालं. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली, तर मद्रासमध्ये स्वागताला मुख्यमंत्री फिरकले नाहीत. श्रीलंकेतल्या तमिळांशी लढलेल्या फौजेचं स्वागत करणं तमिळनाडूतल्या मतांच्या गणितात बसत नव्हतं. यात जवानांचा काय दोष, हे कुणी विचारलं नाही.

अफगाणिस्तानातही हाच क्रम दिसतो. फेब्रुवारी २०२० चा अमेरिका आणि तालिबान यांच्यातला दोहा करार एका अमेरिकी अध्यक्षाच्या काळातला. ऑगस्ट २०२१ ची माघार विरोधी पक्षाच्या अध्यक्षाची. फ्रान्सच्या फौजेला तर २०२३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरच्या लष्करी राजवटीनेच बाहेर काढलं.

दिल्लीने श्रीलंकेचा धसका घेतला तो घेतलाच. जुलै २००३ मध्ये इराकला एक डिव्हिजन, म्हणजे हजारो जवानांची फौज, पाठवा, असा अमेरिकेचा आग्रह होता. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तर बघू, असं सांगून दिल्लीने नकार दिला.