पंचांगातला भाद्रपद आणि राजपत्रातला भाद्र

१९ सप्टेंबर २०२३ ला घरोघरी गणपती बसले. पंचांगात त्या दिवशी भाद्रपद शुद्ध चतुर्थी, शके १९४५. भारत सरकारच्या दिनदर्शिकेत मात्र तोच दिवस २८ भाद्र, शके १९४५. शक एक, महिना एक, आणि आकड्यांत चोवीसचा फरक! हे पाहून कुणाला छपाईची चूक वाटते, तर कुणाला सरकारचं पंचांगच चुकलंय असं वाटतं. खरं तर ते पंचांग नव्हेच.

आपलं पंचांग चंद्राकडे बघून चालतं. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी पुरी होते. त्याला कधी एकोणीस-वीस तास लागतात, कधी सव्वीसच्या वर, म्हणून कधी एखादी तिथी गळते (क्षय), तर कधी एखादी दोन दिवस राहते (वृद्धी). अशा तीस तिथींच्या बारा महिन्यांचे भरतात जेमतेम ३५४ दिवस. ऋतू हातचे सुटू नयेत म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरतात.

राजपत्रावर, म्हणजे सरकारी गॅझेटवर, छापतात ती भारतीय सौर दिनदर्शिका. देशात पंचांगं अनेक, त्यांची गणितंही वेगवेगळी. त्यांचा अभ्यास करून सगळ्यांना चालेल अशी कालगणना सुचवण्यासाठी १९५२ मध्ये शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकरही होते. २२ मार्च १९५७ हा दिवस १ चैत्र १८७९ धरून ही दिनदर्शिका लागू झाली. तिच्यात चंद्राचा संबंधच नाही. वर्ष वसंतसंपाताला, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या वेळेला, धरून २२ मार्चला सुरू होतं, लीप वर्षी २१ ला. वैशाख ते भाद्र हे पाच महिने ३१ दिवसांचे, बाकीचे ३०. लीप वर्षी चैत्रही ३१. तिथी नाही, क्षय नाही, अधिक मास नाही.

या दोघांची चाल समजून घ्यायला २०२३ इतकं सोयीचं वर्ष नाही. त्या वर्षी गुढीपाडवा २२ मार्चलाच आला, म्हणजे दोन्हीकडे चैत्राचा पहिला दिवस एकच. चांद्रमास आखूड असल्यामुळे पंचांग हळूहळू पुढे गेलं: २९ जूनला आषाढी एकादशी, तर सरकारी हिशेबात ८ आषाढ. मग १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक श्रावण आला. पंचांग महिनाभर थांबलं, सौर दिनदर्शिका चालत राहिली, आणि गणपतीपर्यंत ती चोवीस दिवस पुढे निघून गेली.

मला या दिनदर्शिकेबद्दल आदर आहे. ती साधी आहे, ऋतूंशी इमान राखणारी आहे. पण तिला चांद्रमासांचीच नावं द्यायला नको होती, असं मला मनापासून वाटतं. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो म्हणून तो चैत्र. चंद्रच वगळला तर त्या नावाला आधार काय उरला? मधु, माधव ही ऋतूंशी जोडलेली वैदिक नावं आपल्याकडे होतीच. ती घेतली असती तर हा घोळच झाला नसता.

वर्षाचा आकडाही फसवतो. १९ मार्च २०२६ च्या पाडव्याला पंचांगात शके १९४८ लागलं, पण सरकारी तारीख २८ फाल्गुन १९४७ होती.

सर्वांत जपायचं ते जुन्या तारखांना. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. त्या वेळच्या इंग्रजी, म्हणजे ज्युलियन, कॅलेंडरात तो ६ जून १६७४. आजच्या ग्रेगरियन हिशेबाने १६ जून. कुणी ती तिथी '१३ ज्येष्ठ' समजून सौर दिनदर्शिकेच्या कोष्टकात घातली, तर उत्तर येतं ३ जून. ही दिनदर्शिका १९५७ ची. त्याआधीच्या बखरीला वा पत्राला ती लावायचीच नाही. शुद्ध किंवा वद्य लिहिलेलं दिसलं की हिशेब चंद्राचा. नुसता आकडा आणि पुढे महिना असेल, विशेषतः १५ च्या वरचा आकडा, तर तो सूर्याचा.