राजापूरचे खासदार मधु दंडवते : वीस वर्षांच्या संसदीय वाटचालीची पार्श्वभूमी

कोकणातील राजापूर मतदारसंघाने १९५७ पासून सलग तीन वेळा नाथ पै यांना लोकसभेत पाठवले होते. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले आणि अवघ्या काही आठवड्यांत आलेल्या मध्यावधी निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाने तेथे मधु दंडवते यांना उभे केले. मूळचे अहमदनगरचे दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला होता आणि निवडणुकीच्या आधी ते विधान परिषदेचे सदस्य होते. इंदिरा गांधींच्या त्या लाटेत त्यांच्या पक्षाला देशभरात केवळ दोन जागा मिळाल्या आणि त्यांतली एक राजापूरची होती. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा आणखी चार निवडणुका त्यांनी याच मतदारसंघातून जिंकल्या. त्यांपैकी १९८४ चा विजय मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इंदिराजींच्या हत्येनंतर विरोधी पक्षांचे भलेभले नेते पराभूत होत असताना, आणि जनता पक्षाचे जेमतेम दहा खासदार निवडून आले असताना, कोकणाने आपला माणूस सोडला नाही.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळुरूत होते. २६ जून १९७५ रोजी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांच्यासह त्यांना तेथेच अटक झाली. या स्थानबद्धतेला त्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले. मात्र एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा याचिकांचा मार्गच बंद केला. त्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते याही त्या काळात येरवड्याच्या तुरुंगात होत्या. त्या १९८० मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, त्यामुळे पती-पत्नी एकाच सभागृहात विरोधी बाकांवर बसले.

मार्च १९७७ ते जुलै १९७९ हा त्यांचा रेल्वेमंत्रिपदाचा काळ सव्वादोन वर्षांहून थोडा अधिक, पण रेल्वेच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. मे १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांना परत कामावर घेण्याचा निर्णय त्यांनी सुरुवातीलाच घेतला. तोवर दुसऱ्या वर्गाचा प्रवासी लाकडी फळीवर रात्र काढत असे; त्या बाकांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचे काम त्यांनी सुरू करवले आणि काही वर्षांत ते देशभर पोहोचले. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेल्या गीतांजली एक्सप्रेसमध्ये वर्गभेद नव्हता, म्हणजे सर्व प्रवाशांसाठी एकच वर्ग होता. समाजवाद म्हणजे काय हे भाषणापेक्षा या निर्णयांतून अधिक स्पष्ट झाले, असे माझे मत आहे, कारण त्यांचा लाभ ज्यांना झाला त्यांतल्या बहुतेकांना मंत्र्याचे नावही ठाऊक नसावे.

विशेष म्हणजे हा रेल्वेमंत्री ज्या भागातून निवडून आला होता, तेथे रेल्वेच नव्हती. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी एसटीवर अवलंबून होता. दिव्याहून पनवेलमार्गे आपट्यापर्यंत आलेला लोहमार्ग रोह्यापर्यंत वाढवण्याच्या निर्णयाला त्यांच्या कारकिर्दीत गती मिळाली, परंतु रोह्याला गाडी पोहोचायला १९८६ उजाडले. कोकणात पुढे रेल्वे नेण्याची खरी संधी १९९० मध्ये आली, जेव्हा विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. रेल्वेच्या नेहमीच्या तरतुदीतून हा खर्च झेपणारा नव्हता. म्हणून केंद्रासह महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ यांच्या भागीदारीचे कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झाले आणि त्याची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे आली. अर्थमंत्री म्हणून सोने बाळगण्यावर व त्याच्या व्यापारावर निर्बंध घालणारा सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करणे आणि शेतकऱ्यांना दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी देणे हे त्यांचे अन्य निर्णय होत. कर्जमाफीचा ताण बँकांवर पडल्याची टीका त्यावर झाली.

नोव्हेंबर १९९० मध्ये ते सरकार पडले आणि १९९१ च्या निवडणुकीत राजापूरला त्यांचा पराभव झाला. ज्या मार्गासाठी त्यांनी इतकी वर्षे पाठपुरावा केला, त्याचे काम ऐन भरात येत असताना कोकणाने त्यांना नाकारले, ही गोष्ट खटकते. १९९६ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळुरूकडे जाणारा संपूर्ण मार्ग वाहतुकीला खुला झाला, तेव्हा ते त्याच पदावर होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या पुनर्रचनेत राजापूर लोकसभा मतदारसंघही उरला नाही; २००९ पासून तो भाग रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात मोडतो.