एका पडवीत एक संच: वॉरगेममधल्या एक्सपान्शनच्या अडचणीची पार्श्वभूमी

चवथीला गोव्यातली घरे भरतात. पुण्या-बंगळुरूला नोकरी करणारे, बोटीवर असणारे, फर्मागुढीला शिकणारे असे सगळे दोन-चार दिवस एका छपराखाली येतात. डिचोलीच्या आमच्या घरी आरती आटोपली, नेवऱ्यांचे ताट फिरले, की पोरे आतल्या खोलीत पाच लॅपटॉप मांडतात. गेली काही वर्षे खेळ ठरलेला आहे: 'हार्ट्स ऑफ आयर्न ४', दुसऱ्या महायुद्धावरचा. आणि बरीच वर्षे पहिला तासभर खेळ सुरूच होत नसे. एकाकडे सगळी एक्सपान्शन, म्हणजे मूळ खेळाला विकत घेऊन जोडायच्या पुरवण्या, दुसऱ्याकडे सेलमध्ये घेतलेली दोन, तिसऱ्याकडे नुसता मूळ खेळ. कोणाचे व्हर्जन मागे राहिलेले, कोणाच्या पडद्यावर चार अक्षरांचा चेकसम (खेळाच्या फाइलींची ओळखखूण) वेगळाच. एका चवथीला पुतण्याने विचारले, "काका, पैसे तर सगळ्यांनीच भरलेत. मग एकत्र बसायला एवढी खटपट का?"

त्याला तेव्हा दिलेले उत्तर घाईचे आणि अपुरे होते. या अडचणीत दोन निराळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. एक असा, की एका डावातल्या सगळ्यांपुढे खेळ तोच आणि नियम तेच असायला हवेत. दुसरा असा, की त्या खेळाचे पैसे कोणी भरले. पहिला प्रश्न खेळाच्या स्वभावातून येतो, दुसरा दुकानाच्या. ही गाठ कशी बसली आणि कुठेकुठे सुटत गेली, ते मागे जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही.

आमच्या शेजारच्या सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे जुने पत्ते, घ्या. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२० पाने. मोगल पद्धतीच्या गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने. या दोन जोडांची पाने एकत्र पिसून खेळता येत नाही. तरीही त्यावरून कोणाचा डाव मोडत नसे, कारण ज्याच्या पडवीत बसायचे त्याचाच जोड मधे असायचा. बाकीच्यांनी रिकाम्या हाताने यायचे. संच एकच असला की संचाचा वाद उरत नाही.

नियमांचे मात्र तसे नव्हते. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले, शेवटच्या घरात पोचलेले प्यादे त्या घराचे जे मोहरे असेल तेच होई, आणि राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. पट तोच, सोंगट्या त्याच, खेळ वेगळा. पंजाबचा मीर सुलतान खान याच पद्धतीत वाढला. पाश्चात्त्य नियम त्याला नंतर शिकावे लागले, आणि तरीही त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे मिळवली. सुरुवातीच्या खेळींचे पुस्तकी ज्ञान ही त्याची कच्ची बाजू समजली जाई. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे संगणकावर सगळे जुळल्यावरही हीच अडचण नव्या रूपात परत येते.

विकायचा माल म्हणून वॉरगेम उभा राहिला तो अमेरिकेत. चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये 'टॅक्टिक्स' हा पटावरचा खेळ काढला आणि पुढे १९५८ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल ही कंपनी सुरू केली. खोक्यात नकाशा, पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, नियमांची पुस्तिका. दोघे समोरासमोर बसत तोवर खोके एकच पुरे. पण असा खेळ खेळणारे एकाच गावात दोघे सापडणे कठीण, म्हणून लोक पोस्टाने खेळू लागले. कंपनीही पोस्टाने खेळण्याचे साहित्य विकत असे. माझ्या मते खरे वळण इथेच आले. पोस्टाने खेळायचे तर प्रत्येकाकडे आपले खोके हवे, आणि दोन्ही खोकी अगदी सारखी हवीत. एकाच्या पुस्तिकेत सुधारलेला नियम आणि दुसऱ्याच्या पुस्तिकेत जुनाच, एवढेही वाद व्हायला पुरेसे होते.

एक्सपान्शनने हे आणखी अवघड केले, आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणजे 'स्क्वाड लीडर'. जॉन हिल यांचा हा खेळ १९७७ मध्ये आला. पाठोपाठ 'क्रॉस ऑफ आयर्न', 'क्रेसेंडो ऑफ डूम' आणि १९८२ मध्ये 'जीआय: अ‍ॅन्व्हिल ऑफ व्हिक्टरी' अशी तीन एक्सपान्शन आली. ती नुसती नवी सैन्ये आणि नकाशे आणून थांबली नाहीत. त्यांनी आधीचे नियमही बदलले. त्यामुळे पहिल्या खोक्यावर शिकलेला आणि तिसऱ्या एक्सपान्शनपर्यंत गेलेला, या दोघांना तोच पट मधे ठेवूनही सरळ खेळता येईना. शेवटी १९८५ मध्ये कंपनीने सगळे नियम नव्याने लिहून 'अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वाड लीडर' काढला. त्याची नियमावली कड्यांच्या फाइलमध्ये होती. नवे मॉड्यूल घेतले की त्यासोबतची पाने त्या फाइलमध्ये घालायची. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. नियमांचे पुस्तक एकच आणि वाढते, सैन्ये मात्र ज्याची त्याने घ्यावीत. पुढल्या मॉड्यूलमधल्या लढायांना आधीच्या मॉड्यूलमधले नकाशे आणि सोंगट्या लागत, ही अडचण राहिलीच. पण समोरासमोर बसणाऱ्या दोघांपैकी एकाकडे ते सगळे असले तर काम भागायचे.

संगणकावर खेळ आला आणि ही सोय संपली. आता मधे ठेवायला पटच नव्हता. प्रत्येकाच्या यंत्रात त्याचा स्वतःचा पट होता, आणि ते सगळे पट क्षणाक्षणाला एकसारखे राहायला हवे होते.

हे कसे साधतात ते कळले की पुढचे बरेच उलगडते. 'एज ऑफ एम्पायर्स' १९९७ मध्ये आला तेव्हा खेळाडूंकडे २८.८ किलोबिटचा मोडेम असायचा. त्यातून शेकडो सैनिकांची जागा, आरोग्य आणि दिशा सतत पाठवणे शक्य नव्हते. म्हणून यंत्रे एकमेकांना फक्त हुकूम पाठवत: अमुक तुकडी तमुक जागी जावी. बाकीचे युद्ध प्रत्येक यंत्र आपापल्या ठिकाणी घडवून आणी. प्रत्येक यंत्राचा हिशेब तंतोतंत सारखा निघेल, यावर सगळी भिस्त. तो खेळ घडवणाऱ्या पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ मध्ये एका लेखात हे समजावले आहे. त्यातला हरणाचा दाखला मला विसरता येत नाही. नकाशा तयार होताना एका यंत्रावर एक हरीण किंचित वेगळ्या जागी पडले, तर ते चरायला थोडे वेगळे जाते. काही मिनिटांनी शिकारीला गेलेल्या गावकऱ्याचा भाला चुकतो, त्याला मांस मिळत नाही, आणि दोन यंत्रांवरची दोन जगे कायमची वेगळी होतात. यालाच खेळाडू 'आउट ऑफ सिंक' म्हणतात. चेकसम ही त्यावरची नाकाबंदी: डाव सुरू होण्याआधी दोन्हीकडच्या फाइली सारख्या आहेत का, याची पडताळणी.

एका हरणाने एवढे होते, तर एक्सपान्शनने काय होईल? २००० मध्ये आलेल्या 'द कॉन्करर्स'ने 'एज ऑफ एम्पायर्स २' मधल्या तेरा संस्कृती अठरा केल्या. त्यात हूण आले, स्पॅनिश आले, तंत्रे वाढली. ते स्वतंत्र प्रोग्राम म्हणून उघडे, आणि मूळ खेळ उघडून बसलेल्याला त्या डावात शिरता येत नसे. म्हापशाच्या एका सायबर कॅफेत हे मी पुष्कळ सोसले आहे. आठ यंत्रे, त्यातली पाच 'कॉन्करर्स'वाली, तीन जुनी, आणि त्या पाचातही एखाद्यावर १.०सी पॅच (सुधारणेची फाइल) आणि बाकीच्यांवर नाही. तासाचे पैसे चालू आणि लॉबीत, म्हणजे डाव जमवायच्या पडद्यावर, नाव दिसत नाही. पावसात वीज गेली की जुळवलेले सगळे पुन्हा पहिल्यापासून. एका गल्लीत वाढलेली मुले कोण कोणत्या यंत्रावर बसला यावरून दोन तटांत विभागली जायची, याचे मला तेव्हाही वाईट वाटायचे.

त्याच काळात एका खेळाने पैशाचा प्रश्न वेगळा काढून दाखवला होता. १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये 'स्पॉन' नावाची सोय होती. एका सीडीवरून इतर यंत्रांवर अपुरी प्रत घालता येई, आणि ती फक्त मालकाच्या डावात सामील व्हायला चाले. एका सीडीवर आठ जण खेळू शकत. म्हणजे सावंतवाडीच्या गंजिफेचाच रिवाज: घरमालकाचा जोड, पाहुणे रिकाम्या हाताने. ही सोय पुढे सार्वत्रिक का झाली नाही, हे उघड आहे. प्रत्येक पाहुणा हा न झालेला ग्राहक म्हणून मोजला जाऊ लागला.

दोन हजारच्या दशकात 'रेलिक' या कॅनडातल्या कंपनीने दुसरी वाट काढली. 'डॉन ऑफ वॉर'चे २००६ मधले 'डार्क क्रुसेड' हे एक्सपान्शन मूळ खेळाशिवाय चाले. त्यात सातही सैन्यांची माहिती सगळ्यांच्या यंत्रात असायची. नुसते तेच घेतलेल्याला मल्टिप्लेअरमध्ये ताऊ आणि नेक्रॉन ही दोनच सैन्ये निवडता येत, पण समोरच्याची बाकीची सैन्ये त्याच्या पडद्यावर नीट दिसत आणि लढत. 'कंपनी ऑफ हीरोज'च्या २००७ मधल्या 'ऑपोझिंग फ्रंट्स'नेही हाच मार्ग धरला. इथे ती गाठ पहिल्यांदा नीट सुटली असे मी मानतो. माहिती सगळ्यांना द्यावी, निवडण्याचा हक्क विकत घेतलेल्याला. समोर काय आहे ते पाहण्यासाठी कोणाकडून पैसे घेऊ नयेत.

सगळ्यांनी ते स्वीकारले नाही. २००७ च्या 'कॉम्बॅट मिशन: शॉक फोर्स'ला मरीन, ब्रिटिश आणि नाटो अशी मॉड्यूल्स येत गेली. एखाद्या लढाईत त्या मॉड्यूलमधल्या तुकड्या असतील तर ते नसलेल्याला ती उघडता येत नसे. ईमेलने डाव पाठवणाऱ्या दोघांना मॉड्यूल जुळवूनच सुरुवात करावी लागे, अगदी १९६० च्या दशकातल्या पोस्टाच्या खेळाडूंसारखी.

सगळ्यात प्रामाणिक प्रयोग मला चेक कंपनी बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्हचे वाटतात. 'आर्मा २'साठी २०१० मध्ये ब्रिटिश सैन्याचे डीएलसी, म्हणजे डाउनलोड करून घ्यायची पुरवणी, आले, तेव्हा न घेतलेल्यांनाही ती वाहने आणि शस्त्रे हलक्या, धूसर चित्रांत फुकट दिली गेली. सर्व्हरवरचे खेळाडू विभागले जाऊ नयेत, एवढाच हेतू. 'आर्मा ३'मध्ये त्यांनी ते आणखी सुधारले. हेलिकॉप्टरच्या डीएलसीची माहिती सगळ्यांच्या यंत्रात असते. न घेतलेला त्या हेलिकॉप्टरमध्ये प्रवासी म्हणून बसू शकतो, चालवू शकत नाही. एवढी साधी, माणसाला पटणारी रेघ दुसऱ्या कोणी आखलेली मला दिसली नाही. पण २०१६ मध्ये 'अ‍ॅपेक्स' आले, तानोआ हे आख्खे बेट त्यात होते, आणि ते न घेतलेल्याला त्या बेटावरच्या डावात जागा नव्हती. सैनिक आणि वाहने वाटून घेता येतात, पायाखालची जमीन वाटायला कंपनी तयार झाली नाही.

आता आमच्या खोलीतल्या खेळाकडे. 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' जून २०१६ मध्ये आला. तो काढणाऱ्या पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीची पद्धत अशी, की पॅच सगळ्यांना फुकट आणि सारखा, आणि मल्टिप्लेअरमध्ये होस्टकडे (डाव मांडणाऱ्याकडे) जी एक्सपान्शन असतील ती त्या डावापुरती सगळ्यांना लागू. म्हणून व्हर्जन आणि चेकसम जुळावेच लागतात, खरेदी जुळावी लागत नाही. पुतण्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हेच होते: सगळी एक्सपान्शन घेऊन बसलेल्या भावाला होस्ट करा, बाकीच्यांनी फक्त अपडेट करून या. पडवीतला एक जोड शंभर वाटांनी फिरून परत पडवीत आला.

पण मग ते दुसरे अर्धे उरते, सुलतान खानवाले. डिसेंबर २०१६ च्या 'टुगेदर फॉर व्हिक्टरी'ने ब्रिटिश राजला, म्हणजे खेळातल्या भारताला, स्वतःची योजना, म्हणजे देशाने पुढे काय करायचे त्याचा आराखडा, दिली. ते नसलेल्याकडे भारत निवडला की कोणत्याही किरकोळ देशाला मिळे तीच सर्वसाधारण योजना पुढे येई. २०१९ मध्ये 'मॅन द गन्स'ने जहाजांची रचना खेळाडूच्या हाती दिली, २०२१ मध्ये 'नो स्टेप बॅक'ने रणगाड्यांची. आमच्यात जो नुसता मूळ खेळ घेऊन वर्षभर घरी सराव करतो, त्याने रणगाड्याची रचना कधी केलेलीच नसते. चवथीला होस्टच्या डावात तो पडदा त्याच्यासमोर पहिल्यांदा उघडतो, आणि पलीकडे बसलेला भाऊ तेच काम शंभराव्यांदा करत असतो. फाइली जुळलेल्या असतात, चेकसम जुळलेला असतो, सराव जुळलेला नसतो. डाव संपला की ते सगळे होस्टच्या लॅपटॉपबरोबर बंगळुरूला जाते, आणि उरलेल्या चौघांना तो डाव पुढे नेता येत नाही. पॅराडॉक्सने काही जुनी एक्सपान्शन मूळ खेळात सामावून घेतली आहेत. त्यामुळे हे अंतर मागच्या टोकाला कमी होते, पण पुढच्या टोकाला नवे डीएलसी येतच राहते.

होस्टला खेळाच्या लाँचरमध्ये आपले एखादे एक्सपान्शन बंद ठेवता येते, याकडे आमचे बरीच वर्षे लक्षच गेले नव्हते. आता चवथीच्या आठ दिवस आधी पोरांच्या ग्रुपवर तीन गोष्टी ठरतात: व्हर्जन कोणते, होस्ट कोण, आणि कोणती एक्सपान्शन बंद. गेल्या खेपेला रणगाड्यांची रचना बंद ठेवली, जहाजांची चालू ठेवली, कारण बोटीवरून आलेल्याने हट्टच धरला होता. पुतण्या त्या वर्षी भारत घेऊन खेळला. डाव पहाटे तीनला थांबवला तेव्हा बाहेर पावसाची सर येऊन गेली होती आणि गणपतीवरच्या माटोळीला बांधलेली तोरिंजनाची फळे पंख्याच्या वाऱ्यावर हलत होती.